वाक्यातला कर्ता

छत्रपती संभाजीनगर,
19 सप्टेंबर

चि. भाचीस,


तुझं बर्लिनहून आलेलं पत्र नेमकं सतरा तारखेला हाती पडलं. सकाळी सिद्धार्थ उद्यानात मुक्तिसंग्रामाच्या स्मृतिस्तंभापाशी झेंडावंदनाला जाऊन आलो आणि दुपारी तुझा प्रश्न वाचला. जर्मन हुकूमशाहीवर तिथले इतिहासकार जे वाद घालतात, ते आपल्या निजामाच्या राजवटीला लावून पाहता येतील का, असं तू विचारतेस.

ही तुलना करणारी तू पहिली नाहीस. हा मान खुद्द निजामाचा आहे. 13 सप्टेंबर 1948ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या (पोलीस ॲक्शन म्हणतात ती हीच), 17ला मीर उस्मान अली खानाने हात टेकले आणि 23ला तो रेडिओवर बोलला. कासिम रझवीच्या टोळक्याने हिटलरच्या जर्मनीसारख्या पद्धतीने राज्य बळकावलं, दहशत माजवली आणि मला हतबल केलं, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. मी जन्मभर मराठीचं व्याकरण शिकवलं, त्यामुळे मला त्यातली गोम लगेच दिसते. 1911पासून प्रत्येक फर्मानाचा कर्ता असलेला माणूस ऐन वेळी कर्म होऊन बसला! आणि आपण ते चालवून घेतलं. 1950 ते 1956 हैदराबादचा राजप्रमुख तोच होता.

निजाम म्हणजे हिटलर नव्हे, हे आधी लिहून ठेव. तो वारशाने आलेला सुलतान होता. त्याला ना पक्ष काढावा लागला, ना मतं मागावी लागली. रझाकार मात्र वेगळे. ती इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची सशस्त्र दलं होती आणि त्यांचा म्होरक्या हाच कासिम रझवी, लातूरचा वकील होता. भारतात विलीन व्हा असं लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट 1948मध्ये हैदराबादेत खून झाला. तेव्हा हा केवळ हिंदू-मुसलमानांचा मामला होता, असं म्हणून सुटका नाही.

जर्मनीतही युद्धानंतर बराच काळ सगळ्या वाक्यांना एकच कर्ता होता, हिटलर. पुढे हान्स मॉमझेन यांनी त्याला ‘दुबळा हुकूमशहा’ म्हटलं आणि आपापसांत चढाओढ करणाऱ्या खात्यांकडे, अधिकाऱ्यांकडे बोट दाखवलं. 1992मध्ये ख्रिस्टोफर ब्राउनिंग यांचं पुस्तक आलं. त्यातली माणसं हॅम्बुर्गच्या राखीव पोलिसांपैकी, बरीचशी मध्यमवयीन आणि बायकापोरांची. पोलंडमध्ये हजारो ज्यूंना त्यांनी गोळ्या घातल्या. कर्ता असा वरून खाली सरकत शेजारच्या घरापर्यंत आला. आपल्याकडेही तालुकदार, जहागीरदार, देशमुख, पाटील यांच्यावाचून निजामाचा एक दिवस निघाला नसता, आणि त्यांत हिंदू थोडे नव्हते.

तुझ्या पत्रात 1986च्या वादाचा उल्लेख आहे. नाझींचे गुन्हे ही बोल्शेविकांच्या धास्तीतून उमटलेली प्रतिक्रिया होती, असं अर्न्स्ट नोल्टे यांनी सुचवलं. तेव्हा युर्गेन हाबरमास उसळले. कारण सांगता सांगता माफी देऊन टाकू नका, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. तो वाद मी वाचला तेव्हा मला आपली आजी, म्हणजे तुझी पणजी आठवली.

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या आपल्या गावी ती रझाकारीच्या गोष्टी सांगायची. दाणे कुठे पुरले, बायामुली रात्रीतून सरहद्दीपलीकडे बार्शीला कशा नेल्या, सगळं बारकाईने. मी एकदा विचारलं, “वेशीजवळचे ते तेली मुसलमान कुठं गेले?” ती म्हणाली, “पोलीस ॲक्शनमध्ये गेले.” थोड्या वेळाने पुस्ती जोडली, “रझाकारांनी केलं, म्हणून झालं.” आणि उठून चुलीपाशी गेली.

त्या ‘झालं’बद्दल नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने लिहून ठेवलंय. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर किमान 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज होता. सर्वांत जास्त फटका बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद आणि नांदेड होते. रझाकारांचे अत्याचारही तिने लपवले नाहीत. तो अहवाल मात्र कितीतरी वर्षं दप्तरात बंद राहिला.

8 मे हा पराभवाचा दिवस नसून मुक्तीचा, हे पश्चिम जर्मनीच्या अध्यक्षांनी, वाइत्झेकर यांनी, 1985मध्ये संसदेत ठणकावून सांगितलं. त्याच भाषणात त्या दिवसाचं मूळ 30 जानेवारी 1933मध्ये शोधायलाही सांगितलं. आपल्या 17 सप्टेंबरला कुणी मुक्तिदिन म्हणतं, कुणी पोलीस ॲक्शन, कुणी विलीनीकरण, तर उर्दूत सुकूत-ए-हैदराबाद, म्हणजे हैदराबादचं पतन. मी मुक्तिदिनच म्हणतो. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांचा लढा खरा होता आणि त्या राज्यातून सुटणं ही मुक्तीच होती. पण म्हणून आजीचं वाक्य पुरं होत नाही.

तुझ्या प्रबंधात आपल्या गावाचं एक पान घाल. त्यात रझाकारांनी लुटलं, असं लिही. आणि तेल्यांच्या बाबतीत ‘गेले’ लिहू नकोस. ‘मारले गेले’ही नको, त्यातही कर्ता लपतोच. गावातल्यांनी मारलं असेल तर ‘गावातल्यांनी मारलं’ असंच लिही, मग त्यात आपल्या घरचं कुणी निघालं तरी.

तुझा,
मामा