शिळ्या कोंबडीची कुरकुर

मराठी भाषेने शिळ्या अन्नाची जेवढी हेटाळणी केली आहे, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाची केली असेल. जुना वाद उकरून काढला की शिळ्या कढीला ऊत आणला म्हणायचे. बातमीला चार दिवस झाले की ती शिळी. गीतेच्या सतराव्या अध्यायात रात्र उलटलेले अन्न तामसी माणसाला प्रिय म्हणून सांगितले आहे. आता गीतेपुढे कोण बोलणार! वर्षातून एक शीतला सप्तमी तेवढी शिळ्याच्या वाट्याला येते. त्या दिवशी आदल्या दिवशीचे रांधलेले खायचे, पण तेही थंडच, कारण चूल पेटवायची नाही. फोडणीच्या पोळीचे आणि फोडणीच्या भाताचे कौतुक होते हे खरे. परंतु ते शिळ्याची मोडतोड करून दुसरेच काही केल्याचे कौतुक. शिळी वस्तू तिच्याच रूपात, तिच्याच मानाने पुन्हा उभी करणे ही गोष्ट निराळी, आणि तिच्याविषयी कोणी लिहिलेले मी तरी वाचले नाही.

म्हणून मी लिहिते आहे. विषय आहे तळलेली कोंबडी. महाविद्यालयाच्या वार्षिकात कोंबडी, आणि तीही शिळी, हे पाहून आमच्या काही प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांनी हे पान उलटून पुढच्या कवितांकडे जावे. तेथे पाऊस नक्की असेल.

आमचे घर नाना पेठेत, दोन खोल्यांचे. आप्पा रिक्षा चालवतात. रिक्षा मालकीची नाही, पाळीने घेतलेली. अनेक वर्षे त्यांची पाळी दुपारी चार ते रात्री एक अशी होती. संध्याकाळी स्वारगेट, डेक्कन क्वीन येण्याच्या सुमारास स्टेशन, मग मिळेल ते भाडे. घरी यायला दीड वाजायचा. आईला पहाटे पाचला उठून कामावर जायचे असे, म्हणून ती दहाला झोपायची. अभ्यासाच्या निमित्ताने जागी असायची ती मी. (निमित्ताने हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे.)

रविवारी संध्याकाळी आई कोंबडी तळते. आले, लसूण, तिखट, हळद, लिंबू, आणि वरून तांदळाचे पीठ. तळण कढईतून निघाले की पहिले दोन तुकडे, त्यातही एक तंगडी, आप्पांचे म्हणून बाजूला पडत. मग आमची ताटे. तेव्हा काटेकोरपणे बोलायचे तर आप्पांचे तुकडे उरलेले नव्हेत, ठेवलेले होते. मराठीत या दोन शब्दांत फार अंतर आहे. पण कोंबडीला व्याकरण कळत नाही. दीड वाजेपर्यंत ठेवलेली कोंबडीही उरलेल्यासारखीच मऊ, चिवट आणि उदास होऊन बसते.

असे का होते याचा मी छडा लावला. दिवाळीची चकली सादळते ती बाहेरच्या दमट हवेने, म्हणून डबा घट्ट लावला की निभते. कोंबडी मात्र आतल्या ओलाव्याने सादळते. तेलात सोडल्यावर जे बुडबुडे सळसळतात ते म्हणजे वरच्या थरातले पाणी वाफ होऊन बाहेर पडत असते. ते निघून गेले म्हणजे कुरकुरीत कवच उरते. आतल्या मांसात मात्र पाणी असतेच. तुकडा नुसता ठेवला की ते पाणी हळूहळू कोरड्या कवचाकडे सरकते. डब्याला झाकण असेल तर वाफही तेथेच कोंडते. चकलीचा उपाय कोंबडीला लावून चालत नाही तो यासाठी. घट्ट झाकण म्हणजे तिचा घातच.

शेजारी एकांकडे मायक्रोवेव्ह आहे. त्याचा मूळ शोध १९४५ चा. पर्सी स्पेन्सर नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ रडारच्या यंत्रावर काम करीत असता त्याच्या लक्षात आले की त्या लहरींनी खाद्यपदार्थ तापतात. शेजारच्या काकूंनी मोठ्या अभिमानाने आमचा एक तुकडा त्यात घालून दिला. दीड मिनिटात तो हात लावू नये इतका गरम झाला आणि कवच ओल्या पुठ्ठ्यासारखे! त्यात यंत्राचा दोष नाही. त्या लहरी मुख्यतः पाण्यालाच तापवतात, मग पाणी वाफ होऊन कवचात शिरते, आणि भोवतालची हवा गार राहिल्यामुळे ते कवच वाळत नाही. काकूंना मी छान झाले म्हणून सांगितले. शेजारधर्म!

शेवटी कामाला आला आमचा लोखंडी तवा. तळलेले तुकडे वाफ जाईपर्यंत उघडे ठेवायचे, पण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजेत. पुण्याच्या एप्रिलात तर त्याहूनही लवकर. कोंबडीच्या बाबतीत आळस अंगाशी येतो. फ्रीजमध्येही झाकण नको, नुसता कागद. आप्पांच्या रिक्षाचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की मी मंद आचेवर तवा चढवी. तेल नाही, कवचात पूर्वीचे तेल असते तेवढे पुरते. पहिली चार-पाच मिनिटे झाकण ठेवायचे, म्हणजे तंगडीच्या हाडापर्यंत ऊब पोचते. मग झाकण काढायचे ते पुन्हा ठेवायचे नाही. तव्यावर पापड भाजायची जाळी मांडून तुकडे तिच्यावर घ्यायचे, म्हणजे खालची बाजू स्वतःच्या वाफेत भिजत नाही. दर दोन मिनिटांनी उलथायचे. आप्पा हातपाय धुऊन, कपडे बदलून येईपर्यंत पंधरा मिनिटे होतातच. आतून चांगला वाफाळता हवा. पाकशास्त्रवाले चौऱ्याहत्तर अंशांचा आकडा देतात. आमच्याकडे मापक नाही. तंगडी हाडापाशी उकलून पाहायची. आणि गरम करायचे ते एकदाच, लागेल तेवढेच.

झाले की नाही हे कळते मात्र कानाने. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी माणसांना बटाट्याचे काप खायला देऊन त्यांच्याच चावण्याचा आवाज कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकवला. आवाज तीक्ष्ण केला की तेच काप लोकांना जास्त ताजे वाटले. या संशोधनाला २००८ साली हसवणारे म्हणून प्रसिद्ध असलेले इग नोबेल मिळाले. मला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. रात्री पावणेदोनला नाना पेठ शांत असते. त्या शांततेत आप्पांनी पहिला घास तोडल्यावर जो करकर आवाज होई, त्याने आई कूस बदलायची.

पहिल्यांदा असे झाले त्या रात्री आप्पा घास तोडून थांबले. मला वाटले मीठ कमी असेल. ते म्हणाले, "हे कुणी शिकवलं गं तुला?"

"कुणी नाही. का?"

"आय करायची असं."

आजी १९७२ च्या दुष्काळात करमाळ्याकडून पोरांना घेऊन पुण्यात आली, तेव्हा आप्पा सहा वर्षांचे होते. तिने पेठांतल्या वाड्यांतून धुणीभांडी धरली. एका घरी सणावारी मागच्या दाराने भजी, वडे कागदात गुंडाळून मिळत. दिवसभराचे, लोळागोळा झालेले. पोरे वाटेतच कागदावर तुटून पडत. आजी हात लावू द्यायची नाही. घरी येऊन चूल पेटवायची, कोरडा तवा तापवायची आणि एकेक भजे त्यावर मांडून परतत बसायची. भूक लागलेली, धूर डोळ्यांत गेलेला, आणि ही काही घाई करायची नाही. कडकड वाजायला लागले की म्हणायची, "आता घ्या. आता ही आपल्या घरची झाली."

आप्पांनी हे तंगडीकडे बघत सांगितले, माझ्याकडे नाही. मग म्हणाले, "झोप आता, सकाळी कॉलेज हाय."

तेव्हापासून रविवारची रात्र ही आमची बोलायची वेळ ठरली. कोंबडी खायला दहा मिनिटे लागत, बोलणे अडीचपर्यंत चाले. एरवी दिवसाकाठी आमची गाठ जिन्यात पडायची. मी कॉलेजातून येताना, ते पाळीवर निघताना.

यंदा जानेवारीत त्यांच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. उजव्याची व्हायची आहे. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत घुसतात, म्हणून रात्री रिक्षा चालवणे बंद. आता ते सकाळची पाळी करतात. त्या वेळची भाडी निराळी, पैसा कमी. तो भरून काढायला आईने संध्याकाळी एका पोळी-भाजी केंद्रात काम धरले. रविवारी तेथे सर्वांत जास्त गर्दी. रविवारी पुण्याला स्वयंपाक करायचा नसतो. ती साडेदहाला परत येते. हाताला दिवसभराच्या पिठाचा वास असतो.

आता रविवारी कोंबडी मी तळते. पहिले दोन तुकडे बाजूला काढते, त्यात एक तंगडी. पहिल्या रविवारी आई आली, फ्रीज उघडला आणि उभ्या उभ्या थंड तुकडा तोंडात घालू लागली. "गॅस कशाला जाळायचा माझ्या एकटीसाठी," म्हणाली. आप्पा भिंतीला टेकून बसले होते. ते उठले, तिच्या हातातून ताटली घेतली आणि तवा चढवला. मी पुढे झाले तर मला म्हणाले, तू अभ्यास कर.

आई पाटावर बसली. तिला हे काही सुचेना. दोनदा उठू लागली, दोनदा त्यांनी बसवली. थोड्या वेळाने आप्पांनी मला हाक मारली. डोळ्याला अजून तेवढे स्पष्ट दिसत नव्हते.

"झाकण काढू का गं आता?"

"पाच मिनिटं झाली का?"

"झाली असतील."

"मग काढा. आणि जाळी ठेवा."

"जाळी कशाला? आय बिनजाळीचं करायची."