उतरत्या नळीचं माप

पूर्वी सायकलचं माप एका आकड्यात सांगून व्हायचं. बावीस इंची, चोवीस इंची. हा आकडा सीटखालच्या नळीचा. पण वरची नळी जमिनीला समांतर असल्यानं बाकीच्या फ्रेमचा अंदाजही त्यावरूनच यायचा. नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिलं आणि टाचा टेकल्या, की सायकल आपल्या मापाची. टाचा न टेकणारी पोरं नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायची.

मग ही नळी मागे उतरायला लागली. माउंटन बाइकमध्ये ते आधीपासून होतं. रेसच्या सायकलींत हा बदल रुजवला तो जायंट कंपनीसाठी माइक बरोज या ब्रिटिश डिझायनरनं, १९९०च्या दशकात, ‘टीसीआर’ या सायकलीतून. (१९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमननं सुवर्ण जिंकलं ती लोटसही बरोजच्याच डोक्यातली.) त्रिकोण लहान झाले, फ्रेम हलकी आणि ताठ झाली. लांब बाहेर आलेला सीटपोस्ट किंचित लवतो, त्यामुळे खड्ड्याचा दणका थोडा कमी बसतो. कंपन्यांचं स्मॉल, मीडियम, लार्जवर भागू लागलं. कमी उंचीच्या माणसांची तर फार मोठी सोय झाली.

माप मात्र त्या आकड्यात उरलं नाही. ‘मला मीडियम लागते’ असं कुणी म्हणालं, की मी सायकल सपाट फरशीवर सरळ उभी करतो आणि हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या नळीच्या, माथ्याच्या मध्यावरून गवंड्याचा ओळंबा सोडतो. क्रँकच्या आसाच्या मध्यापासून त्या दोरीपर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच. त्याच आसापासून माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक. सीट कितीही वरखाली करा, स्टेम बदला, हे दोन आकडे हलत नाहीत. म्हणून माझा भरवसा यांच्यावर.

कंपन्या आणखी एक आकडा देतात: हेड ट्यूबच्या माथ्यापासून सीटपोस्टपर्यंत आडवं धरलेलं अंतर. तोही एकटा फसवतो. समजा, दोन फ्रेममध्ये हे अंतर ५५ सेंटिमीटर आणि स्टॅक ५६. एकीच्या सीट ट्यूबचा कोन ७३ अंश, दुसरीचा ७४.५. पहिलीचा रीच ३७.९ भरतो, दुसरीचा ३९.५. कागदावर जुळ्या बहिणी, पण दुसरीवर उभं राहून पायडल मारताना हँडल दीड सेंटिमीटरहून जास्त पुढे असतं. लांबच्या रायडिंगला एवढा फरक मानेला आणि मनगटाला कळतो.

‘सीट वर घेता येते की!’ हे दुकानात हमखास ऐकू येतं. येते, पण सीटबरोबर हँडल वर येत नाही. फ्रेम लहान असेल तर पाठ वाकत जाते, सगळा भार तळहातांवर येतो. वर सीटपोस्ट किमान खुणेच्या बाहेर खेचला, तर ट्यूबच्या तोंडाशी फ्रेमला चीर जाण्याची भीती. ती खूण दिसली की मी सीट तिथेच थांबवतो, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

नवी सायकल घ्यायची असेल, तर ज्या सायकलवर तीन तास आरामात बसता येतं तिचा स्टॅक आणि रीच घरीच मोजून चिठ्ठीवर लिहा, आणि ती चिठ्ठी घेऊन दुकानात जा. रंग नंतर बघा.