वाफेचे राखणदार

मी इंग्रजी काव्य शिकविणारा माणूस. न्हाणीघरांतील तांब्याच्या बंबापलीकडे वाफेशीं माझा परिचय नाहीं. तरीही ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचें नांव निघालें, कीं मला तिच्या विमानांआधीं तिच्या पोटांतील चार बॉयलर आठवतात.

त्यांच्यापाशीं पहारा करणें हें एक खडतर व्रतच! कांचेच्या नळींतील पाणी फार खालीं गेलें, तर बॉयलरच्या नळ्या जळावयाच्या. फार वर चढलें, तर तें वाफेबरोबर टर्बाइनमध्यें शिरून त्याचीं पातीं मोडावयाचीं. भट्टींत हवा कमी पडली, कीं धुराड्यांतून काळा धूर. अधिक झाली, कीं पांढरा. आणि भोंवतीं अथांग सागर असून त्याचें खारें पाणी बॉयलरला वर्ज्य!

१९७१ च्या युद्धांत या चारांपैकीं एकाला तडा गेला होता. त्यामुळें नौकेच्या वेगाला मर्यादा पडली; आणि विमानांच्या उड्डाणाला तर समोरून भरपूर वारा हवा. तरीही ४ डिसेंबरला तिचीं विमानें कॉक्स बाजारवर झेंपावलीं. खालच्या माणसांना त्या वेळीं आकाशाचा तुकडाही दिसला नसेल.

१९९७ सालीं ‘विक्रांत’ निवृत्त झाली. २०१४ मध्यें ती मोडण्यास आरंभ झाला. वर्गांत ‘शौर्य’ हा शब्द उच्चारतांना मला वाटतें, शत्रूला सामोरें जाण्यास धैर्य लागतें खरें. पण शत्रू दृष्टीसही न पडतां कांचेच्या नळीवर नजर खिळवून उभें राहण्यास तें कांहीं कमी लागत नाहीं.