कानामागून आली

पुणे, रविवार

प्रिय बाळ्या,

परवा तू फोनवर विचारलंस, "मावशी, कॅन्सर घशाचा, मग घसा एकदाही कसा दुखला नाही?" घरात माणसं होती, मी टाळलं.

आधी माझी चूक. गणपतीत तू म्हणालास, डावा कान बंद वाटतो. तीस वर्षं नाक-कान-घशाची प्रॅक्टिस केलेली मी मोदक वळता वळता नाकात टाकायचे थेंब सांगून मोकळी झाले. चोवीस वर्षांचं पोर, सर्दी असेल! एकाच बाजूचा कान आठवडे उलटले तरी मोकळा होत नसेल तर नाकातून दुर्बीण घालून मागे बघायचं, हे मी पोरांना शिकवत आले. घरच्या पोराला मात्र नाही बघितलं.

नाक मागे जिथे संपतं, पडजिभेच्या वर, तो घशाचा माथा. कानाची नळी तिथेच उघडते आणि तिच्या मागे एक खाच असते. तुझी गाठ त्या खाचेतली. 'आ' करून टॉर्च मारली तर ती दिसायची नाही. नळीवर दाब आला, पडद्याआड पाणी साठलं, कान बंद. मग मानेत न दुखणारी गाठ. तरुण माणूस आणि मानेत गाठ म्हटलं की आपल्याकडे आधी टीबी आठवतो. तुझ्या डॉक्टरांनी अंदाजाने गोळ्या सुरू न करता सुई घातली, नाकामागचा तुकडा तपासला. त्यांचे मी फोन करून आभार मानले.

तंबाखू खायचा का, असं विचारणाऱ्या काकांना माझ्याकडे पाठव. तुझ्या प्रकारात गाठीच्या पेशींत एप्स्टीन-बार विषाणू सापडतो. 1964 साली शोधलेला हा पाहुणा बहुतेक सगळ्यांच्या अंगात मुक्कामाला असतो, माझ्याही. कॅन्सर होतो तो फार थोड्यांना. त्यात आनुवंशिकता आणि आहारही येतो. दक्षिण चीनमध्ये हा आजार पुष्कळ. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी वीस हजारांवर धडधाकट पुरुषांच्या रक्तात या विषाणूचा डीएनए शोधला आणि 34 जणांचा कॅन्सर पकडला, बहुतेकांचा अगदी लवकर. आपल्या देशात तो नागालँड-मणिपूरकडे जास्त, महाराष्ट्रात क्वचित. म्हणून आम्हाला पटकन सुचत नाही. ही सबब नव्हे.

ऑपरेशन का नाही, असं ताईने विचारलं. कवटीच्या तळाशी सुरी चालवणं अवघड, पण किरणांना ही गाठ चांगली दाद देते. तुझा पेट स्कॅन मानेखाली स्वच्छ आहे, म्हणजे पूर्ण बरं करायचं असं धरूनच सगळं आखलंय. आधी जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिनचे तीन डोस, मग आठवड्यात पाच दिवस असे साधारण सात आठवडे किरण, सोबत सिस्प्लॅटिन. किरणांसाठी चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतील, हलायचं नाही. दाढी काढून जा.

दोन कामं लगेच कर. किडलेली दाढ आत्ताच काढून घे. किरणांनंतर लाळ आटते आणि जबड्याची जखम भरत नाही. दुसरं, केमोआधी वीर्य साठवून ठेव. लाजू नकोस, ताईला मी सांगितलंय, तिने नुसती मान हलवली.

सोमवारी डबा मी आणते. मऊ भात, तूप, मेतकूट. तिखट काही नाही.

तुझी,
मावशी