एक क्रमांक, दोन धनी

वसईच्या आमच्या गावांत एकाच नावाची तीन-चार माणसे असावीत, ही काही नवलाची गोष्ट नव्हे. नातवाला आजोबांचे नाव द्यावयाचे ही जुनी चाल, आणि आडनावे तर मोजकीच. टपाल खात्यातील माझ्या नोकरीच्या काळात केवळ पाकिटावरचे नाव वाचून पत्र कोणाचे हे कळेल, अशी शाश्वती नसे. अमक्या विहिरीजवळचा, तमक्या आळीतला, गोदीत कामाला असलेला, अशा खुणा पोस्टमनच्या डोक्यात असत आणि त्यांच्या बळावर पत्र योग्य त्या ओटीवर पडे. एखादे चुकलेच, तर ज्याच्या हाती ते येई तो संध्याकाळी जाता-येता ज्याचे त्याला पोहोचते करी. 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड आला. ते सहा आकडे पत्र टपाल कचेरीपर्यंत आणून सोडत. तेथून घरापर्यंतची वाट मात्र माणसालाच ठाऊक असावी लागे.

मोबाईलचे दहा आकडे थेट माणसापर्यंत नेतात, असा आपला समज असतो. 31 जुलै 1995 रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीस सुखराम यांना देशातील पहिला मोबाईल फोन केला, तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागत. 2003 च्या मे महिन्यापासून ती तोशीस संपली आणि पुढच्या वर्षी माझ्यासारख्या निवृत्त माणसाने धीर करून एक क्रमांक घेतला. पाहता पाहता तो बँकेत, गॅसच्या पुस्तकात, आधारपत्रात जाऊन बसला. धर्मग्रामातील रक्तदात्यांची यादी माझ्याकडे असते. त्यामुळे तो चर्चच्या फलकावरही लागला. आमच्या परिसरात रात्री-अपरात्री कोणास रक्त लागले की तो फिरवतात.

2021 साली आमच्या वाडीत आवाज नीट येईना म्हणून मी कंपनी बदलली, क्रमांक तोच ठेवला. ही सोय 25 नोव्हेंबर 2010 रोजी हरियाणात सुरू झाली आणि 20 जानेवारी 2011 पासून देशभर लागू झाली. तिची व्यवस्था थोडक्यात अशी: क्रमांक आता कोणत्या कंपनीकडे नांदतो याची एक मध्यवर्ती नोंद असते. फोन लावणाऱ्याची कंपनी ती नोंद पाहते आणि बोलणे तिकडे वळवते. एकदा सासरी दिलेली मुलगी माहेरच्या शिधापत्रिकेवरून कमी करावी, तसा जुन्या कंपनीने तो क्रमांक आपल्या शिल्लक साठ्यातून बाजूला ठेवावयाचा असतो. माझ्या बाबतीत तेवढेच राहून गेले. बंद झालेला क्रमांकदेखील निदान 90 दिवस कोणास देऊ नये, असा दंडक आहे. माझा तर बंदच झाला नव्हता. जून 2022 मध्ये जुन्या कंपनीने तो नव्या ग्राहकास देऊन टाकला.

याचा परिणाम मोठा विचित्र झाला. इतर कंपन्यांचे ग्राहक तो क्रमांक फिरवीत, ते माझ्याकडे येत. जुन्या कंपनीचे ग्राहक मात्र त्या नव्या माणसाकडे जात, कारण ती कंपनी बाहेरची नोंद पाहण्याआधी आपल्याच घरात शोधी आणि घरात तर तो सापडेच. आमच्या सौभाग्यवतींचा फोन त्याच जुन्या कंपनीचा. मी बाजारातून मासळी काय आणली हे विचारावयास तिने फोन लावला, तेव्हा कोणी तरुण मुलगा म्हणाला, “काकू, मी कंपनीत आहे. मासळी कसली?” तिने दोनदा खात्री करून घेतली आणि मग त्यालाच त्याचे नाव-गाव विचारले. बायका या बाबतीत पुरुषांहून व्यवहारी असतात.

मुलगा बीड जिल्ह्यातला. आईवडील ऊसतोडीला जाणारे. तो वालीवच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर होता आणि नालासोपाऱ्यास चौघांत एक खोली घेऊन राहत होता. त्याची आई शेजाऱ्याच्या फोनवरून बोले आणि तो फोन तिसऱ्याच कंपनीचा. मुलाने केलेला फोन तिला नीट लागे. तिने उलट लावला की तो माझ्याकडे. पहिल्या रविवारी माझा ‘हॅलो’ ऐकताच ती म्हणाली, “जेवलास का रे? आवाज का असा यायलाय?” मी सारे समजावून सांगितले. तिला त्यातले काही पटले नाही. क्रमांक तिला तोंडपाठ होता, आणि पाठ केलेली गोष्ट खोटी कशी ठरेल?

आम्हा दोघांना एकमेकांशी थेट बोलता येत नसे, कारण आपलाच क्रमांक आपण कसा लावणार! तेव्हा पत्नीचा फोन हे आमचे टपाल कार्यालय झाले. मी वही घातली. त्याचे निरोप मी वेळ घालून लिहीत असे, माझे तो लिहून ठेवी. बँकेचे सांकेतिक आकडे कधी त्याच्याकडे जात. ते तो वाचून दाखवी आणि ‘काका, आता मी पुसून टाकले’ असेही सांगे. मला त्याची सत्यता पडताळण्याचा मार्ग नव्हता. त्यालाही माझी नव्हता.

जुलैतल्या एका पावसाळी रात्री एक वाजून गेल्यावर पत्नीचा फोन वाजला. “काकू, काकांना उठवा. बाळंतिणीला रक्त पाहिजे म्हणतात, ओ निगेटिव्ह.” फोन त्याच्याकडे गेला होता. त्याने रुग्णालयाचे नाव, खाटेचा क्रमांक, बोलणाऱ्याचा दूरध्वनी, सारे लिहून घेतले होते. त्या गटाचे दोनच दाते माझ्या वहीत होते, आणि त्यांतला एक गावात होता. रक्त वेळेवर पोहोचले.

तक्रारीचे मात्र घोडे अडले. जुन्या कंपनीत गेलो तर ‘तुम्ही आमचे ग्राहक नाही’. नव्या कंपनीत गेलो तर ‘क्रमांक आमच्याकडे चालू आहे, यात अडचण काय?’ तक्रारीस नोंदक्रमांक मिळतो, तेथे भागले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्याने 39 दिवसांत निकाल द्यावयाचा असतो, हे मी वाचून काढले. ट्राय ही नियामक संस्था एकेका ग्राहकाच्या तक्रारी स्वतः हाताळीत नाही, हेही कळले. ग्राहक मंचाचे दार उघडे असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2022 रोजी दिला होता. पण त्या दाराशी रांग केवढी, हे कोणाही वकिलास विचारावे. खरी गोम अशी की जुन्या कंपनीकडे तक्रार नोंदवू शकेल असा ग्राहक एकच होता, तो मुलगा. आणि तक्रार खरी ठरली तर क्रमांक त्याचाच जाणार होता.

मी त्याला तसे करावयास सांगितले नाही. तो माझा अधिकार नव्हे, असे मला वाटे. पत्नीचे मत निराळे होते.

ऑगस्टमध्ये चाकणच्या एका कारखान्यातून त्याच्यासाठी फोन आला. कायम नोकरी, दुसऱ्या दिवशी दहा वाजता कागदपत्रे घेऊन यावयाचे. फोन माझ्याकडे आला. पत्नी तेव्हा माहेरी, तिचा फोन तिच्यासंगे आणि पावसाने तिकडची वीज गेलेली, तो बंद. शेजारच्या दोन घरांतून मी प्रयत्न केले, दोन्ही फोन माझ्याच हातात वाजले. त्याच्या खोलीचा पत्ता मला ठाऊक नव्हता. आयुष्यभर पत्ते वाचले आणि या मुलाचा पत्ता विचारून ठेवावा असे कधी सुचले नाही, कारण दहा आकडे होतेच ना! निरोप तिसऱ्या दिवशी पोहोचला. जागा दुसऱ्यास गेली होती.

तो रागावला नाही. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “काका, असं दोघांचं भागायचं नाही. मीच तक्रार टाकतो.” त्या आठवड्यात त्याने अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून तक्रार नोंदवली. पुढे अपीलही त्यानेच केले. सप्टेंबरच्या अखेरीस निकाल लागला: क्रमांक प्रथम ज्याच्याकडे होता त्याचा. त्याला नवे सिमकार्ड मिळाले, त्याचे पैसे घेतले नाहीत एवढीच मेहेरबानी. मला एका महिन्याचे रिचार्ज फुकट मिळाले. नियमाने पाहता निकाल योग्यच आहे, मीही तोच दिला असता. पण दोघांपैकी ज्याचे गेले त्याला सिम आणि ज्याचे राहिले त्याला बक्षीस, हा हिशेब कोणत्या खातेवहीत बसतो ते मला उमगत नाही. मी त्या रकमेइतके पैसे त्याला देऊ केले. त्याने घेतले नाहीत.

आईचे फोन पुढे चार महिने मला येत राहिले. ती आता मला ओळखू लागली होती. उसाच्या फडावरून बोले, पाऊस विचारी, मग म्हणे, “त्याला सांगा, आई बरी हाय.” मी सांगत असे. जानेवारीत ती मंडळी फडावरच्या कोपीत असताना मुकादमाच्या मुलाने नवा क्रमांक तिच्याकडून घोकून घेतला. तसे तिने मला मुद्दाम कळवले.

मुलाला पुढच्या उन्हाळ्यात चाकणलाच काम लागले, दुसऱ्या कारखान्यात. जाण्यापूर्वी तो एकदा घरी आला, पत्नीने मासळीचे जेवण केले. निघताना त्याने यादीत आपले नाव घालावयास सांगितले. त्याचा गट बी पॉझिटिव्ह. चाकणहून वसईस यावयास चार-पाच तास लागतात, हे मी त्याला सांगून पाहिले. त्याने पेन मागून घेतले आणि नवा क्रमांक वहीत स्वतःच्या हाताने लिहिला. खाली, न विचारता, खोलीचा पूर्ण पत्ताही.