पाच पर्याय भरताना

व्ही १००

ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज यूकास या एकाच संस्थेमार्फत जातात. तिथे नुसता 'हिस्ट्री' शोधला की बहुतेक विद्यापीठांच्या नावापुढे एकच सांकेतिक क्रमांक दिसतो : व्ही १००. लेक ए-लेव्हलच्या, म्हणजे शाळेतल्या शेवटच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाला आहे, त्यामुळे हा क्रमांक आमच्या घरात सगळ्यांना पाठ झाला आहे. क्रमांक एक, पण त्याखाली शिकवला जाणारा इतिहास दर ठिकाणी वेगळा. कुठे रोमपासून शीतयुद्धापर्यंत धावतं दर्शन, कुठे चार-पाच छोटे विषय खोलात. विद्यापीठांच्या क्रमवारीचे तक्ते यातलं काही सांगत नाहीत. म्हणून ते बाजूला ठेवले आणि आम्ही दोघी एकेका ठिकाणची मॉड्यूलची यादी वाचायला बसलो. ही टिपणं त्या बैठकांमधली.

एकच निवेदन, पाचांना

यूकासवर जास्तीत जास्त पाच पर्याय देता येतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही, आणि त्या दोघांची मुदत १५ ऑक्टोबरलाच संपते, बाकीच्यांची जानेवारीत. वैयक्तिक निवेदन मात्र एकच, ४,००० अक्षरांचं, आणि तेच पाचही ठिकाणी जातं. २०२६च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांत विभागलं आहे : हाच विषय का, शाळेतल्या अभ्यासाने काय तयारी झाली, आणि शाळेबाहेर काय केलं.

याचा परिणाम पालकांनी नीट समजून घ्यायला हवा. 'तीन ठिकाणी इतिहास, दोन ठिकाणी कायदा, म्हणजे सुरक्षित' ही आपली सवयीची युक्ती इथे चालत नाही. दोन्ही विषयांसाठी एकच निवेदन लिहिलं तर ते दोघांनाही अर्धवट वाटतं. आधी विषय ठरवायचा, मग विद्यापीठ.

शाळेने निवडलेला इतिहास

इथल्या शाळेत मुलं ट्यूडर राजे, नाझी जर्मनी, रशियन क्रांती हे विषय फार बारकाईने शिकतात. एडेक्सेल या परीक्षा मंडळाच्या ए-लेव्हलमध्ये १९१४ ते १९४८ चा भारत असाही एक पर्याय आहे, पण कोणता पर्याय घ्यायचा हे शाळा ठरवते, मूल नव्हे. लेकीला आठव्या हेन्रीच्या सहाही राण्या ओळीने सांगता येतात. शिवाजी महाराज, ताराबाई, नाना फडणीस तिला ठाऊक आहेत ते घरातल्या गप्पांमधून. शाळेच्या वहीत त्यांचं नाव कधी आलं नाही.

अठराव्या वर्षी पहिल्यांदा तिला स्वतःचा इतिहास स्वतः निवडता येणार आहे. ही निवड महत्त्वाची वाटते ती यासाठी.

तिसरं वर्ष आधी वाचा

माहितीपुस्तिका पहिल्या वर्षापासून सुरू होते. आम्ही उलटं वाचायला लागलो. पहिलं वर्ष सगळीकडे साधारण सारखं : विस्तृत ओळख, इतिहासलेखनाच्या पद्धती, थोडा सराव. दुसऱ्या वर्षी वाटा फुटतात. खरा फरक तिसऱ्या वर्षी दिसतो. अनेक ठिकाणी तेव्हा 'स्पेशल सब्जेक्ट' असतो, म्हणजे एक आटोपशीर काळ घेऊन त्या काळची मूळ कागदपत्रं, पत्रं, खटल्यांचे जबाब, चित्रं यांच्या आधारे शिकायचं. शिवाय साधारण दहा-बारा हजार शब्दांचा स्वतःचा प्रबंध.

त्यामुळे विचारण्याजोगा प्रश्न हा : तिसऱ्या वर्षी हिच्या हातात कोणते कागद पडणार? ते कोणत्या भाषेतले? ते शिकवणारं माणूस कोण? यादीत पंचवीस विषय छापलेले असतात, पण शिक्षक वर्षभराच्या संशोधन रजेवर गेला की त्याचा विषय त्या वर्षी बंद. म्हणून यादीबरोबर 'गेल्या दोन वर्षांत यातले कोणते खरोखर शिकवले?' हेही विचारायचं.

अनोळखी उतारा

ऑक्सफर्डने बरीच वर्षं इतिहासाच्या उमेदवारांची वेगळी चाचणी घेतली. तिचं स्वरूप मला फार आवडलं. मुलांनी कधी न शिकलेल्या काळातला, न ऐकलेल्या ठिकाणचा एक उतारा द्यायचा आणि तासाभरात त्यातून काय कळतं ते लिहायला सांगायचं. सनावळी नाही, पाठांतर नाही. लिहिणारा कोण, कुणासाठी लिहितोय, काय गाळतोय, हे वाचता येतं का एवढंच बघायचं.

ऑक्सफर्डला जायचं नसलं तरी हा सराव मुलांकडून करून घ्यावा. घरातलं आजोबांचं जुनं पत्र, सात-बाराचा उतारा, लग्नपत्रिकासुद्धा चालेल. पत्रिकेत कुणाची नावं आहेत आणि कुणाची नाहीत, यावर लेक एक पूर्ण पान लिहू शकली.

स्कॉटलंडची चार वर्षं

इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार. एडिनबरा, ग्लासगो, सेंट अँड्र्यूज इथे कलाशाखेच्या या पहिल्याच पदवीला 'एमए' म्हणतात, त्यावरून आपल्याकडचे नातेवाईक हमखास गोंधळतात. पहिली दोन वर्षं इतिहासाबरोबर आणखी एक-दोन विषय घ्यावे लागतात, आणि दोन वर्षांनी मन बदललं तर वाट मोकळी असते. ज्या मुलाला इतिहास आवडतो पण मानववंशशास्त्र किंवा अरबी कधी चाखूनच बघितलं नाही, त्याच्यासाठी हे चौथं वर्ष वाया जात नाही. खर्च मात्र एका वर्षाचा वाढतो, तोही हिशेबात धरायला हवा.

साताऱ्याचा साहेब

बाबांचा साताऱ्याहून फोन. त्यांना नातीच्या निवडीत खूप रस. ते म्हणाले, "तिला ग्रँट डफ वाचायला सांग. आणि मग कीर्तने."

जेम्स ग्रँट डफ हा स्कॉटलंडमधल्या बॅन्फचा. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर साताऱ्याच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी म्हणून राहिला. तिथली दफ्तरं, बखरी त्याला बघायला मिळाल्या. मायदेशी परतल्यावर १८२६ मध्ये त्याने मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला, आणि थोड्याच वर्षांत त्याचं मराठी भाषांतरही झालं. पुढची कित्येक दशकं शिकल्यासवरल्या मराठी माणसाने आपला इतिहास वाचला तो या साहेबाच्या नजरेने. १८६८च्या सुमारास नीलकंठ जनार्दन कीर्तने या विशीतल्या तरुणाने डफच्या पुस्तकावर सविस्तर टीका लिहिली : साधनं कोणती वापरली, कोणती नाही, निष्कर्ष कुठे घाईने काढले. राजवाडे, खरे, सरदेसाई या इतिहासकारांचं काम त्यानंतरचं.

बाबांचं म्हणणं मला पटलं. ज्या अभ्यासक्रमात डफही वाचून घेतील आणि कीर्तन्यांसारखा प्रश्न विचारायलाही शिकवतील, तो अभ्यासक्रम चांगला.

तिसऱ्या मजल्यावर

ब्रिटिश लायब्ररी, सेंट पॅनक्रस. तिसऱ्या मजल्यावर आशिया-आफ्रिका विभागाचं वाचनालय. अठरा पूर्ण असलेल्या कुणालाही वाचकपत्र फुकट मिळतं. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. लेक अजून सतराची, म्हणून मी एकटीच जाऊन आले. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. जुनं बाड उघडायला मऊ आधार देतात, पानं सपाट राहावीत म्हणून मण्यांच्या वजनदार माळा.

भारताचा कारभार लंडनहून पाहणाऱ्या इंडिया ऑफिसचं दफ्तर इथे आहे, सुमारे १४ किलोमीटर लांबीच्या फळ्यांवर. दफ्तराची मांडणी इंग्रजी अक्षरांनी केली आहे : जी म्हणजे वखारींचे कागद, पी म्हणजे इलाख्यांच्या कारभाराची कार्यवृत्तं, एल म्हणजे लंडनच्या कचेरीतल्या खात्यांचं दफ्तर. रायगडावर १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला हजर असलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडनची हकीकत आपल्यापर्यंत आली ती याच वखारींच्या पत्रव्यवहारातून. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये अशा कागदांचा मोठा संग्रह छापला, तेव्हा महाराष्ट्रातल्या अभ्यासकांना ते घरबसल्या वाचता आले. लंडनमध्ये शिकणाऱ्या मुलाला मूळ दफ्तर ट्यूबच्या तिकिटात मिळतं. विद्यापीठ निवडताना गावात कोणतं अभिलेखागार आहे हे बघायचं ते यासाठी. क्यूचं नॅशनल आर्काइव्ह्जही लंडनमध्येच. पण प्रत्येक परगण्याचं स्वतःचं दफ्तर असतं, आणि लँकेशरच्या कापडगिरण्यांचा अभ्यास करायचा तर मँचेस्टरच बरं.

मराठी कामाला येते

लेक म्हणते, "आई, माझ्या मराठीचा अर्जात काय उपयोग?" मी तिच्यापुढे दोन पुस्तकं ठेवली. एक रोझलिंड ओ'हॅनलन यांचं महात्मा फुले आणि सत्यशोधकांवरचं, १९८५ चं. फुल्यांचं आणि त्यांच्या विरोधकांचं मराठी लेखन वाचून हे पुस्तक उभं राहिलं. लेखिका पुढे ऑक्सफर्डला भारतीय इतिहासाच्या प्राध्यापक झाल्या. दुसरं राजनारायण चंदावरकर यांचं, मुंबईच्या गिरण्या आणि गिरणी कामगारांवरचं, १९९४ चं. चंदावरकर केंब्रिजला शिकले आणि तिथेच शिकवत राहिले, २००६ मध्ये अकाली गेले. गिरणगावातल्या चाळी, मुकादम, उधारीवर चालणाऱ्या खानावळी हा त्यांच्यासाठी गंभीर इतिहासाचा विषय होता.

घरात मराठी बोलणारं मूल इथल्या वर्गात शिरतं तेव्हा त्याच्याकडे एक साधन आधीच असतं, जे इतरांना कष्टाने मिळवावं लागतं. देवनागरी वाचता येत असेल तर मोडी महिन्या-दोन महिन्यांत तोंडओळखीपुरती येते. लंडनच्या सोआस विद्यापीठासारख्या ठिकाणी तर इतिहास भाषेबरोबर शिकण्याचीच परंपरा आहे. मुलांना शनिवारच्या मराठी शाळेत ओढत नेणाऱ्या आईवडिलांना हे सांगावंसं वाटतं.

बाबासाहेबांची यादी

अभ्यासक्रम कसा निवडावा, याचा एक मोठा नमुना आपल्याकडे आहे. कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्यामुळे परतावं लागलं, १९२० मध्ये पुन्हा आले, १९२३ मध्ये डीएस्सी मिळवली. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध अर्थशास्त्राचा म्हणून ओळखला जातो, पण तो उभा आहे चलनाच्या इतिहासावर, कंपनीच्या आणि सरकारच्या जुन्या कागदांवर.

हातात पक्का प्रश्न असला की विषयांच्या भिंती आपोआप बाजूला होतात. इतिहास आणि अर्थशास्त्र, इतिहास आणि राज्यशास्त्र अशा जोडपदव्या इथे मिळतात. मुलाचा प्रश्न दोन्हीत पाय ठेवणारा असेल तर त्या जरूर घ्याव्यात. 'नोकरीला बरं' एवढ्याच कारणासाठी घेतलेली जोडी मात्र दोन्हीकडे अर्धी राहते.

विभाग टिकणार का

हे कुणी पुस्तिकेत छापत नाही. २०२० मध्ये संडरलंड विद्यापीठाने इतिहासाचं शिक्षण बंद करण्याचा निर्णय घेतला. २०२३ मध्ये चिचेस्टर विद्यापीठाने आफ्रिकेच्या इतिहासाचा एक नावाजलेला संशोधन अभ्यासक्रम थांबवला आणि तो घडवणारे प्राध्यापक हकीम अदी यांची नोकरी गेली. पैशाची चणचण आली की युरोपबाहेरचा इतिहास आधी कापला जातो. रॉयल हिस्टॉरिकल सोसायटीच्या २०१८ च्या अहवालानुसार ब्रिटनमधल्या इतिहासाच्या अध्यापकांत ९३.७ टक्के गोरे होते. दक्षिण आशिया शिकवणारं एकच माणूस विभागात असेल तर ते गेल्यावर तो विषयही गेला. म्हणून मोजून घ्यायचं : एक की तीन?

पुढे काय

नातेवाइकांचा हा प्रश्न काळजीपोटी येतो, त्याला नीट उत्तर द्यावं. २०२५-२६ मध्ये इंग्लंडमधली वार्षिक फी ९,५३५ पौंड. इथे कायम राहणाऱ्या मुलांना कर्ज मिळतं. वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जी कमाई होईल तिच्या ९ टक्के फेड, आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ. इथे वकील व्हायला कायद्याचीच पदवी लागत नाही. इतिहासाची पदवी घेऊन सॉलिसिटरची परीक्षा देता येते. सनदी सेवा, पत्रकारिता, अध्यापन, संग्रहालयं या वाटा आहेतच. ढीगभर परस्परविरोधी कागद वाचून चार पानांत खरं काय ते सांगता येणं, हे कौशल्य कुठेही कामाला येतं.

ओपन डेला विचारायचं

तिसऱ्या वर्षाच्या एका वर्गात किती मुलं असतात? प्रबंधाचा विषय स्वतः निवडता येतो का, आणि मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळ देतो? परकी भाषा शिकली तर ती पदवीत धरतात का? इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतली साधनं वापरलेला प्रबंध गेल्या वर्षी कुणी लिहिला का?

शेवटचा प्रश्न लेकीने स्वतः वहीत लिहिला. याचं उत्तर ज्या विभागात उत्साहाने आणि नावानिशी मिळेल, तो विभाग क्रमवारीत विसावा असला तरी पाचांत पहिला लिहायचा, असं आमचं ठरलं आहे.