हरवण्याचे पुनरावर्तन : 'होम अलोन २' आणि प्रौढ प्रेक्षक

१

लहानपणी आवडलेली कलाकृती प्रौढ वयात पुन्हा अनुभवणे ही कृती वरवर निरुपद्रवी वाटली, तरी आस्वादाच्या दृष्टीने ती जोखमीची असते. अशा वेळी आस्वादकापुढे एकाच संहितेचे दोन पाठ असतात : एक समोर उलगडणारा, दुसरा स्मृतीत मुरलेला. दोहोंत तफावत पडली की दोषी ठरते ती बहुधा कलाकृती. 'तेव्हा चांगली वाटली होती' या उद्गारात कलाकृतीविषयीचा निर्णय जसा असतो, तसा स्वतःच्या बालपणाविषयीचाही एक निर्णय दडलेला असतो. त्याची तपासणी मात्र क्वचितच होते.

या तपासणीला अभिजात कलाकृती फारशा उपयोगी पडत नाहीत. त्यांच्या मूल्याची हमी परंपरेने आधीच दिलेली असते, आणि पुनर्वाचनात सापडलेला अधिकचा अर्थ सहजच कृतीच्या सखोलतेच्या खाती जमा होतो. समीक्षेने दुय्यम म्हणून बाजूला सारलेली कृती घेतली, तर वाढलेला अर्थ कोठून आला हा प्रश्न टाळता येत नाही. 'होम अलोन २ : लॉस्ट इन न्यूयॉर्क' हा २० नोव्हेंबर १९९२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला चित्रपट या दृष्टीने सोयीचा आहे. तो विनोदी आहे, कौटुंबिक आहे, नाताळच्या हंगामासाठी काढलेला आहे आणि शिवाय उत्तरभाग आहे. प्रतिष्ठित समीक्षेने दुर्लक्ष करावे, अशी चारही लक्षणे त्याच्या ठायी एकवटली आहेत.

१९९० च्या पहिल्या चित्रपटाप्रमाणेच याचेही लेखन जॉन ह्यूज यांचे आणि दिग्दर्शन ख्रिस कोलंबस यांचे आहे. शिकागोच्या उपनगरातील मोठ्या, गजबजलेल्या कुटुंबातला केव्हिन पहिल्या चित्रपटात घरीच राहून जातो आणि कुटुंब पॅरिसला पोहोचते. दुसऱ्यात कुटुंब फ्लोरिडाला निघते. विमानतळावरच्या धांदलीत वडिलांसारखाच कोट घातलेल्या परक्या माणसामागे केव्हिन जातो आणि न्यूयॉर्कच्या विमानात चढतो. आधीचे भांडण, वरच्या मजल्यावर एकट्याने झोपण्याची शिक्षा, सकाळी न वाजलेले घड्याळ, विमानतळावरची धावाधाव, आईची किंकाळी, तेच दोन चोर, त्यांच्यासाठी रचलेले सापळे आणि आधी भीतिदायक वाटून नंतर जिवलग ठरणारी एक एकाकी व्यक्ती : हा सारा क्रम पहिल्या चित्रपटातून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला आहे. जाग येताच आईवडील 'आपण पुन्हा तेच केले' अशा अर्थाचे ओरडतात. आरोपपत्र दाखल होण्यापूर्वीच चित्रपटाने दिलेला हा कबुलीजबाब म्हणता येईल.

२

पुनरावृत्ती हा उत्तरभागावरचा नेहमीचा आक्षेप. तो व्यापारी हेतूपुरता खरा आहे. परंतु मागणी असल्याखेरीज व्यापार चालत नाही, आणि ही मागणी कशाची होती हे पाहणे आवश्यक आहे. फ्रॉइडने 'सुखतत्त्वाच्या पलीकडे' या १९२० मधील ग्रंथात आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा एक खेळ नोंदवला आहे. दोरा बांधलेले लाकडी रीळ ते मूल पडद्याआड फेकून दिसेनासे करी, दोरा ओढून पुन्हा समोर आणी, आणि दोन्ही वेळा ठरावीक उच्चार करी. आईचे निघून जाणे त्याला निमूटपणे सोसावे लागत होते. खेळात मात्र 'घालवून देणे' त्याच्या हाती होते. परत आणण्यात अधिक आनंद असूनही फेकण्याचा भागच ते मूल पुष्कळदा एकट्याने खेळत असे, हेही फ्रॉइडच्या नजरेतून सुटलेले नाही.

'होम अलोन' मालिकेचा गाभा हाच खेळ आहे. पहिल्या चित्रपटात केव्हिनने कुटुंब नाहीसे व्हावे अशी इच्छा केली आणि ते नाहीसे झाले. आपल्याच इच्छेचा हा परिणाम, अशी त्याची समजूत होते. दुसऱ्यात तो पुन्हा एकटेपणाची इच्छा करतो. पुनःपुन्हा फेकले तरच रिळाचा खेळ खेळ ठरतो. एकदाच फेकलेले रीळ म्हणजे केवळ हरवलेली वस्तू. उत्तरभाग ही त्या खेळातील दुसरी फेक होय. रोज रात्री तीच गोष्ट त्याच शब्दांत मागणारे आणि आजीने एखादा तपशील बदलला की तिला तिथेच अडवणारे मूल नावीन्याचे भुकेले नसते. हरिश्चंद्राच्या आख्यानाचा शेवट ठाऊक असूनही कीर्तनाला जाऊन बसणारा श्रोताही या मुलाचा फार दूरचा नातलग नव्हे.

१९९२ मध्ये दहाबारा वर्षांचा असलेला प्रेक्षक मॅकॉली कल्किन या बालनटाच्या बरोबरीचा. कल्किनचा जन्म १९८० चा. तो प्रेक्षक आता चाळिशीत आहे. त्याने चित्रपट पुन्हा लावला की खेळातील जागांची अदलाबदल झाल्याचे ध्यानात येते. तेव्हा दोरा त्याच्या हातात होता. आता तो रिळाच्या जागी आहे. ज्याला फेकले जाते, ज्याच्या परत येण्याची वाट पाहिली जाते, ती व्यक्ती म्हणजे आई. आणि प्रौढ प्रेक्षकाची नजर नकळत तिच्याकडे वळते. सामान एकेकाच्या हातांतून पुढे सरकत जाते आणि केव्हिनची बॅग घ्यायला कोणीच नसते, हा प्रसंग मुलाला केवळ गंमतीचा वाटतो. कॅथरीन ओहारा यांनी साकारलेल्या त्या आईच्या चेहऱ्यावर किंकाळीच्या आधी उमटणारी क्षणभराची मोजदाद मूल पाहत नाही. ती पाहायला स्वतः कधीतरी गर्दीत मुलाचा हात सुटलेला असावा लागतो.

पुनर्भेटीच्या प्रसंगाचेही असेच आहे. रॉकफेलर सेंटरच्या प्रचंड नाताळवृक्षासमोर केव्हिन आई भेटावी अशी प्रार्थना करतो आणि मागून आईची हाक येते. बालप्रेक्षकाला हा चमत्कार वाटतो : इच्छेने घालवलेले इच्छेनेच परत आले. प्रौढ प्रेक्षकाला मधला दुवा दिसतो. परक्या शहरात मुलगा कुठे गेला असेल, हे शोधताना आई स्वतःला त्याच्या जागी ठेवून पाहते, आणि मग नाताळच्या झाडांविषयीची त्याची ओढ तिला आठवते. चमत्काराच्या जागी येथे स्मृती आणि कल्पकता आहे. मुलाला वर्षानुवर्षे लक्षपूर्वक पाहिल्याचे ते फळ आहे. हा अर्थ १९९२ मध्येही चित्रपटात होता, पण तो घ्यायला प्रेक्षकाजवळ तेव्हा जागा नव्हती.

३

विनोदाकडे वळल्यास बदल अधिक ठळक होतो. हास्यासाठी हृदयाला तात्पुरती बधिरता यावी लागते, असे प्रतिपादन बर्गसाँने १९०० मधील आपल्या 'हास्य' या ग्रंथात केले आहे. सजीवावर यांत्रिकतेचे पुट चढले की हसू फुटते, हे त्याचे सूत्रही सर्वपरिचित आहे. छपरावरून नेम धरून फेकलेल्या विटा मार्व्ह या चोराच्या कपाळावर एकामागून एक आदळतात, तेव्हा बालप्रेक्षकाच्या लेखी ते शरीर नसतेच. दाबले की पुन्हा उसळणारे ते स्प्रिंगचे बाहुले असते. प्रौढ प्रेक्षकाची बधिरता एव्हाना ओसरलेली असते. कपाळाला वीट लागणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असते. तो हसतो, पण डोळे किंचित मिटून.

मात्र हसू संपत नाही. ते जागा बदलते. शेवटी हॉटेलच्या खोलीत मागवलेल्या खाद्यपदार्थांचे ९६७ डॉलरचे बिल पाहून वडील ओरडतात, या विनोदाचा खरा धनी प्रौढच. लहानपणी बिल हा केवळ एक कागद असतो.

बधिरता ओसरली की आणखी काही गोष्टी दिसू लागतात आणि त्या तितक्या सुखद नसतात. एवढ्या मोठ्या परिवाराने सुट्टीसाठी विमानाने देश ओलांडावा, हे चित्रपटाच्या जगात स्वाभाविक आहे; संपन्नता हा त्याचा विषय नाही, ती त्याची हवा आहे. सेंट्रल पार्कमध्ये कबुतरांच्या गराड्यात वावरणारी बेघर स्त्री (ब्रेंडा फ्रिकर) केव्हिनची मैत्रीण होते. नाताळच्या सकाळी तो तिला शोभेच्या होल्यांच्या जोडीतला एक देतो; एक आपल्याजवळ आणि एक तिच्याजवळ राहिला की मैत्री टिकेल, असे वचन देतो. तेवढ्यात बिल पाहून ओरडलेल्या वडिलांचा आवाज येतो आणि तो आलिशान हॉटेलकडे धावतो. ती बागेतच राहते. दुकानदाराने कृतज्ञतेने पाठवलेल्या भेटवस्तूंचा ढीग त्या हॉटेलात पोहोचतो. तिच्या वाट्याला एक खेळण्यातला पक्षी येतो. बालप्रेक्षकाला हा शेवट पूर्ण वाटला होता, कारण मैत्रीचे चिन्ह आणि मैत्री यांत तो भेद करीत नव्हता. प्रौढ प्रेक्षकाला तो भेद करावा लागतो, आणि चित्रपटाच्या उबेला तेथे पहिली चीर जाते.

४

ही ऊब कोणत्या काळाची, असाही प्रश्न विचारता येतो. 'नॉस्टॅल्जिया' ही संज्ञा योहानेस होफर याने १६८८ मध्ये बाझल येथील प्रबंधात घडवली ती एका रोगाचे नाव म्हणून. मायभूमीपासून दूर राहणाऱ्या स्विस लोकांचे झुरणे त्याला अभिप्रेत होते. मराठीत रूढ झालेल्या 'स्मरणरंजन' या शब्दात रोगाची छटा नाही, रंजनाची आहे. या चित्रपटाला मराठी शब्दच अधिक लागू पडतो, कारण १९९२ मध्ये नवाकोरा असतानाही तो स्मरणरंजनपरच होता. जुन्या घडणीचे खेळण्यांचे दुकान, दूरदर्शनच्या पडद्यावर लागणारा फ्रँक काप्राचा १९४६ मधील 'इट्स अ वंडरफुल लाइफ', जुनी नाताळगीते : यांतले काहीच त्या पिढीतील मुलांच्या अनुभवातले नव्हते. केव्हिन ज्या कृष्णधवल गुन्हेगारपटाचे संवाद वाजवून मोठ्यांना घाबरवतो, तो तर अस्तित्वातच नव्हता. चाळीसच्या दशकातील चित्रपटांच्या वळणावर तो या मालिकेसाठीच चित्रित करण्यात आला. पहिल्या भागात त्याचा एक तुकडा आहे आणि दुसऱ्या भागात त्या काल्पनिक चित्रपटाच्याही उत्तरभागाचा तुकडा आहे. तात्पर्य, प्रौढ प्रेक्षक ज्या निरागस मूळ ठिकाणी परतू पाहतो, तेथेही आधीच एक परतणे चालू आहे, आणि तेही कधीच नसलेल्या घराकडे.

चित्रपटकर्त्यांना अभिप्रेत नसलेला काळही आता त्यात शिरला आहे. केव्हिन वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यावरून शहर न्याहाळतो. तेव्हा त्या दृश्याला पर्यटनचित्रापलीकडे अर्थ नव्हता. ११ सप्टेंबर २००१ नंतर ते निर्हेतुकपणे पाहणे अशक्य झाले आहे. प्लाझा हॉटेलात केव्हिनला वाट दाखवणारा गृहस्थ म्हणजे त्या वास्तूचे तेव्हाचे मालक डोनाल्ड ट्रम्प. ते पुढे २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. एका मुलाने चुकीच्या विमानात चढावे, ही कथानकाची कळही आज ऐतिहासिक वाटते. संहितेतील एक अक्षरही न बदलता तिचा अर्थ बदलतो तो असा.

स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात गतकातरतेचे दोन प्रकार सांगितले आहेत : हरवलेले घर पुन्हा उभारू पाहणारी पुनःस्थापक, आणि हरवण्यावरच रेंगाळत विचार करणारी चिंतनशील. दरवर्षी त्याच दिवसांत तोच चित्रपट लावणारा प्रेक्षक बहुधा पहिलीच्या अपेक्षेने बसतो. चित्रपटाने त्याला दुसरीकडे ढकलावे, अशी सोय ह्यूज यांनी बुद्ध्या केली असेल असे नाही. तरी ती संहितेत आहे.

५

कार्नेगी हॉलच्या माळ्यावर, खालून संगीत ऐकू येत असताना, कबुतरांची ती स्त्री आपली कहाणी सांगते. जिवलग माणसाचे प्रेम आटले आणि त्यानंतर कोणावरही विश्वास टाकण्याची तिला भीती वाटू लागली. केव्हिन उत्तरादाखल आपल्या चाकांच्या बुटांची गोष्ट सांगतो. ते बूट खराब होतील म्हणून त्याने खोक्यातच जपून ठेवले. अखेर घालायला काढले तेव्हा पाय मोठे झाले होते. न वापरता जपलेल्या मनाचेही तसेच होते, असे तो तिला सुचवतो.

बालप्रेक्षकाला हा प्रसंग लांबलेला वाटतो. त्याचे लक्ष पुढच्या सापळ्यांकडे असते. प्रौढ प्रेक्षक येथे थांबतो, कारण हे दृष्टांतवचन त्या स्त्रीइतकेच त्यालाही उद्देशून आहे. लहानपणीचा चित्रपट 'बिघडेल' म्हणून पुन्हा न पाहणे, किंवा पाहताना जुन्या प्रतिसादाला धक्का लागू न देणे, म्हणजे ते बूट खोक्यात ठेवणे होय. विटांची कळ, बागेत मागे राहिलेली स्त्री, नाहीसे झालेले मनोरे आणि आईच्या चेहऱ्यावरची मोजदाद हे सारे सामावून घेत चित्रपट पाहणे म्हणजे बूट वापरणे. वापराने ते झिजतात, यात शंका नाही.

पाय मात्र मोठे झालेलेच असतात. पुनर्भेटीची मर्यादाही हीच : तो पहिला आनंद परत मिळत नाही, आणि चित्रपटही तसे खोटे आश्वासन देत नाही. झाडाखाली केव्हिनला परत मिळते ती आई. शिक्षा म्हणून वरच्या मजल्यावर झोपायला जाण्यापूर्वीचा आपण त्याला परत मिळत नाही, आणि त्याने तो मागितलेलाही नसतो. कोणी क्षणभर भेटावे आणि आपले चुकले असे तिला सांगता यावे, एवढेच त्याचे मागणे असते. चाळिशीतला प्रेक्षक त्या झाडासमोर उभा राहिला, तर त्याचे मागणेही याहून फार निराळे असेल असे वाटत नाही. फरक इतकाच की, मागून येणारी हाक त्याला ऐकू येईलच याची आता खात्री नसते. आणि ज्याच्या हाकेची कोणी वाट पाहते, असा माणूस एव्हाना तो स्वतः झालेला असतो.